एकटीने यॉर्क बघायचं, तर असं

मुलाबाळांकडे इंग्लंडला आलेल्या आपल्या वयाच्या लोकांचं वेळापत्रक ठरून गेलेलं असतं. सोमवार ते शुक्रवार घर आणि नातवंडं, शनिवार-रविवारी मुलगा गाडी काढेल तिकडे. एका दिवसात तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी फोटो, आणि रात्री घरी येऊन कुकर लावायचा. लंडन होतं, स्टोनहेंज होतं, लेक डिस्ट्रिक्ट होतं. एखादं जुनं शहर मात्र पायी, आपल्या चालीने, वाटेल तिथे थांबत बघायचं राहून जातं. चारचौघांत ते होतही नाही. एकाला भूक लागते, दुसऱ्याला पार्किंगची वेळ संपल्याची काळजी. त्याला एकट्यानेच जायला हवं, आणि त्यासाठी यॉर्कइतकं सोयीचं शहर मला इंग्लंडात दुसरं सापडलेलं नाही.

मी साताऱ्याची. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. मुलगा पीटरबरोला असतो, आणि त्याच्याकडे मुक्काम असला की यॉर्कची एक फेरी ठरलेली. हे लिहितेय ते साठीच्या आसपासच्या, पाय बरे असलेल्या, कामापुरतं इंग्रजी येणाऱ्या आणि "एकटी कशाला जातेस?" हे घरून ऐकणाऱ्या बायकांसाठी. पुरुषांनाही उपयोगी पडेल.

यॉर्कच का? जुनं शहर जवळजवळ पूर्ण तटाच्या आत आहे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांत चालून होतं. स्टेशन तटाला लागूनच आहे. टॅक्सी नको, बस नको. वाट चुकलीच तर मान वर करून मिन्स्टरचे, म्हणजे इथल्या भव्य मुख्य चर्चचे, मनोरे शोधायचे, दिशा कळते. आणि या एवढ्याशा जागेत रोमन, व्हायकिंग, नॉर्मन, मध्ययुगीन आणि रेल्वेचं असे सगळे थर एकावर एक बसलेले आहेत.

जायचं कधी

एप्रिल ते सप्टेंबर उत्तम. जून-जुलैत रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे एकटीने फिरताना घाई होत नाही. मार्चअखेरीस थंडी असते, पण तटाखालच्या गवताच्या उतारांवर पिवळे डॅफोडिल फुललेले असतात आणि गर्दी कमी असते. मला तोच काळ सर्वांत आवडतो.

दोन गोष्टी तारीख ठरवण्याआधी बघाच. एक, घोड्यांच्या शर्यती. शहराबाहेरच्या नेव्ह्समायर मैदानावर शर्यती असतात त्या शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव चढतात आणि संध्याकाळी रस्ते मद्यपी घोळक्यांनी भरतात. ऑगस्टमधला ईबोर महोत्सव त्यांतला सर्वांत मोठा. दुसरी, नाताळचा बाजार. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत शनिवारी गल्ल्यांमधून खांद्याला खांदा लावून सरकावं लागतं. शहर बघायचं असेल तर ते दिवस टाळा. हिवाळ्यात जाणार असाल तर ऊझ नदीचं पाणीही विचारून घ्या. ती जवळजवळ दरवर्षी काठावरच्या फरसबंदीवर येते.

गाडी

लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून यॉर्क जलद गाडीने दोन तासांच्या आसपास, पीटरबरोहून सव्वा तास, लीड्सहून अर्ध्या तासाच्या आत, एडिंबराहून अडीच तास. तिकीट मुलाकडून काढून घेतलंत तरी हे स्वतःला माहीत असू द्या. "ॲडव्हान्स" तिकीट स्वस्त असतं, पण ते फक्त त्याच गाडीला चालतं. ती चुकली तर ते वाया गेलं. तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात, तेव्हा तीन-चार आठवडे आधी तरी काढा. साठ पूर्ण झाली असतील तर सीनियर रेलकार्ड घ्या. स्टेशनच्या तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवून ते मिळतं, आणि तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. इथले नागरिक असण्याची अट नाही. हे आपल्या लोकांना माहीतच नसतं. दोन-तीन प्रवासांत कार्डाचे पैसे सुटतात.

रविवारी रुळांची कामं निघतात. कधी गाडी वळसा घेते, कधी मध्येच बसमध्ये बसवतात. परतीची गाडी शनिवारी रात्री पुन्हा एकदा तपासा. आणि डब्याचं दार आपोआप उघडत नाही, बटणाचा दिवा लागला की दाबायचं. पहिल्यांदा एकटं जाताना हे माहीत असलं की जीव थाऱ्यावर राहतो.

राहायचं कुठे

इथे माझं ठाम मत आहे: मिकलगेट बारजवळचं बार कॉन्व्हेंट. बार म्हणजे तटाचा दरवाजा, यॉर्कमध्ये वेशींना हेच नाव आहे. १६८६ पासून चालू असलेला हा मठ इंग्लंडमधला आजही नांदता असलेला सर्वांत जुना कॅथलिक जोगिणींचा मठ आहे, आणि तिथे पाहुण्यांसाठी खोल्या भाड्याने मिळतात. एकट्या बाईला याहून निर्धास्त जागा नाही. स्टेशन चालत दहा मिनिटं. शिवाय आतलं प्रार्थनामंदिर बघायला मिळतं ते वेगळंच. १७६९ मध्ये ते बांधलं तेव्हा कॅथलिक पूजा कायद्याने बंद होती. म्हणून घुमट बाहेरून दिसू नये असा साध्या कौलारू छपराखाली लपवलेला आहे, धाड पडली तर पळता यावं म्हणून मंदिराला आठ दारं आहेत, आणि पुजाऱ्याला दडवायला जमिनीत भुयारासारखी जागा आहे.

तिथे जागा नसेल तर बूथम किंवा बिशपथॉर्प रोडच्या बाजूला नाश्त्यासह खोली देणारी घरं पुष्कळ आहेत. खोली ठरवताना एकच प्रश्न विचारा: "लिफ्ट आहे का, आणि खोली कितव्या मजल्यावर?" जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात. बॅग घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणं गुडघ्यांना झेपत नाही. दुपारी तीनच्या आधी पोचलात तरी बॅग ठेवून घेतात, विचारायला संकोचू नका.

शनिवार: आधी तटावर चढा

बहुतेक लोक स्टेशनवरून थेट शॅम्बल्सच्या गल्लीत जातात आणि गर्दीत हरवतात. तसं करू नका. बॅग टाका आणि मिकलगेट बारवरून तटावर चढा. तट सुमारे साडेतीन किलोमीटर शिल्लक आहे, फुकट आहे, आणि सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत खुला असतो. आपण गडकोट बघत वाढलेली माणसं. तट, चर्या, जंग्या, खंदक हे सगळं इथे ओळखीचं वाटतं. फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेने, चालायचं. शहराच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि वाट अरुंद आहे, समोरून कुणी आलं तर भिंतीच्या बाजूला थांबून त्यांना जाऊ द्या. वर वारा असतो. छत्री निरुपयोगी, टोपीचं जॅकेट हवं. साडी नेसलात तरी पायांत खेळाचे बूट असू द्या.

आधी मिकलगेट बार नीट बघा. लंडनकडून येणारे राजे याच वेशीतून शहरात शिरत, आणि राजद्रोह्यांची मुंडकीही इथेच टांगत. १४६० च्या डिसेंबरमध्ये वेकफील्डच्या लढाईत पडलेल्या यॉर्कच्या ड्यूक रिचर्डचं शिर डोक्यावर कागदी मुकुट घालून इथे लावलं होतं. तीनच महिन्यांनी त्याचा मुलगा एडवर्ड, तोवर राजा म्हणून घोषित झालेला, टाउटनची लढाई जिंकून आला आणि त्याने ते उतरवलं.

इथून लेंडल पुलाकडे निघालात की तटाची वाट रेल्वेच्या रस्त्यावरून जाते आणि समोर मिन्स्टर उभं राहतं. यॉर्कचा सर्वांत सुंदर फोटो इथूनच येतो, सकाळी काढा. वाटेत तटाखाली कमानी दिसतील. यॉर्कचं पहिलं कायमचं स्टेशन १८४१ मध्ये तटाच्या आत बांधलं, तेव्हा आगगाडी आत घ्यायला तटाला भोकं पाडली होती.

पूल ओलांडला की डावीकडे म्युझियम गार्डन्स. बाकावर बसून डबा खायला ही जागा उत्तम. मी धपाटे आणि भाजलेले शेंगदाणे नेते. बागेत सेंट मेरीच्या मठाचे उंच भग्न कमानींचे अवशेष आहेत. आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा १५३९ मध्ये हाही गेला. पण माझ्या मते बागेतली सर्वांत मोलाची वस्तू आहे ती बहुकोनी बुरूज. त्याच्याजवळ जाऊन दगड बघा. खालचा भाग लहान, नीट घडवलेल्या दगडांचा, मध्ये लाल विटांचा पट्टा: तो रोमन. वरचे मोठे दगड मध्ययुगात चढवलेले. रोमनांनी इ. स. ७१ मध्ये इथे छावणी घातली, तिच्या नंतरच्या दगडी तटाचा हा कोपरा. जवळजवळ हजार वर्षांचं अंतर दोन दगडांच्या मधल्या एका रेषेत हाताने चाचपता येतं. ती रेष शोधायला पाच मिनिटं द्या.

बागेतून बाहेर पडलात की एक्झिबिशन स्क्वेअर. तिथे चित्रशाळेसमोर एक पुतळा आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो विल्यम एटी, यॉर्कमध्ये १७८७ साली जन्मलेला चित्रकार. १८०० साली नगरपालिकेने तट पाडायचं ठरवलं होतं. वाहतुकीला अडचण, दुरुस्तीला खर्च, हीच कारणं. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत तीन वेशींसमोरच्या जिभ्या, म्हणजे दरवाजापुढच्या संरक्षक भिंती, पाडल्याही. एटी आणि त्याच्यासारखे काही लोक पत्रं लिहीत राहिले, भाषणं देत राहिले, म्हणून बाकीचा तट वाचला. गडांचे घडीव दगड घरांच्या जोत्यांत गेलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे या पुतळ्यासमोर मी दरवेळी थांबते. तुम्हीही थांबा.

याच चौकातून स्वयंसेवी वाटाड्यांची फुकट पायी सहल रोज निघते. १९५१ पासून ही माणसं हे करताहेत आणि बक्षिसी घेत नाहीत. सकाळची फेरी साधारण सव्वादहाला असते, दिवस आणि वेळ आधी बघून घ्या. दोन तास लागतात. एकट्या माणसाला सोबतही होते आणि प्रश्न विचारायला कुणीतरी मिळतं. प्रश्न विचाराच, त्यांना आवडतं.

मग बूथम बारवर चढून मंक बारपर्यंतचा तट चाला. हा सगळ्यांत रम्य तुकडा: एका बाजूला मिन्स्टरची मागची बाजू, खाली मोठाली झाडं आणि खासगी बागा. मंक बारला उतरून गुड्रमगेट रस्त्याने येताना एका लहान कमानीमागे होली ट्रिनिटी हे चर्च दडलेलं आहे. फरशी खालीवर झालेली, बाकं पेटीसारखी बंद दारांची, विजेचा झगमगाट नाही. दहा मिनिटं शांत बसायला मिन्स्टरपेक्षा ही जागा चांगली. प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर ॲन लिस्टर आणि ॲन वॉकर या दोघींची नावं आहेत. १८३४ मध्ये या दोघींनी इथे एकत्र प्रसाद घेऊन आपलं नातं विवाहासारखं मानलं.

मिन्स्टर: दुपार राखून ठेवा

मिन्स्टर शनिवारीच बघा. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, पर्यटकांना दुपारनंतरच आत सोडतात. तिकीट स्वस्त नाही, पण इथे पैसे खर्च करा आणि दुसरीकडे वाचवा. मनोऱ्यावर चढायचं वेगळं तिकीट आहे: २७५ पायऱ्या, गोल, अरुंद, मध्ये बसायला जागा नाही. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर सोडून द्या. खरं बघायचं आहे ते खालीच आहे.

सध्याची इमारत बांधायला १२२० च्या सुमारास सुरुवात झाली आणि १४७२ मध्ये ती पुरी झाली. दोनशे पन्नास वर्षं. ज्याने पाया घातला त्याच्या नातवाच्या नातवानेही कळस पाहिला नसेल. आत गेल्यावर सगळं बघायचा हट्ट धरू नका. मी सांगते त्या दोन खिडक्या बघा, बाकीचं जमेल तसं.

पहिली पूर्वेची मोठी खिडकी. दुर्बीण न्या, पक्षी बघायची साधी चालते. ती नसेल तर फोनचा कॅमेरा मोठा करून बघा. आकाराने ही खिडकी टेनिसच्या मैदानाएवढी आहे, आणि नुसत्या डोळ्यांनी ती फक्त रंगांचा पडदा दिसते. दुर्बीण लावली की एकेक चौकट बोलायला लागते. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत ती पुरी केली. करारात आठवड्याची मजुरी, वर्षाचं मानधन आणि काम वेळेत संपवल्याबद्दल दहा पौंड जास्त असं ठरलं होतं. सगळे मिळून ५६ पौंड. महत्त्वाच्या आकृत्या त्याने स्वतःच्या हाताने रेखाटायच्या, ही अट लेखी होती. वरपासून सुरुवात करा: अगदी शेंड्याला देव, हातात उघडं पुस्तक, "मीच आदी आणि मीच अंत" असं लॅटिनमध्ये लिहिलेलं. त्याखाली सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथा. मग चौकटींच्या रांगांवर रांगा जगाच्या अंताच्या: सात डोक्यांची श्वापदं, कर्णे फुंकणारे देवदूत, आणि हे सगळं बघणारा संत जॉन, कधी भ्यालेला, कधी नुसता टक लावून उभा. सर्वांत खाली मधोमध गुडघे टेकलेला माणूस म्हणजे पैसे देणारा डरहॅमचा बिशप वॉल्टर स्कर्लॉ. जॉनचा चेहरा एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत कसा बदलतो ते बघत गेलात तर अर्धा तास कसा गेला कळत नाही. एवढी काच सहाशे वर्षं टिकली, कारण दरवेळी कुणीतरी ती जपली. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत १६४४ मध्ये शहराला वेढा पडला, त्यानंतर पार्लमेंटचा सेनापती फेअरफॅक्सने आपल्या सैनिकांना हात लावू दिला नाही, दोन्ही महायुद्धांत काच उतरवून ठेवली, आणि अलीकडची दहा वर्षांची दुरुस्ती २०१८ मध्ये संपली.

दुसरी खिडकी उत्तरेची, फाइव्ह सिस्टर्स. साधारण १२६० ची. पाच उंच अरुंद पट्ट्या, प्रत्येक सोळा मीटरच्या वर. चित्रं नाहीत, राखाडी-हिरवट काचेचे लाखाहून जास्त तुकडे. पहिल्या नजरेत फिकी वाटते. पण १९२५ पासून ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या, ब्रिटिश साम्राज्यातल्या स्त्रियांचं स्मारक आहे. जवळच्या ओकच्या लाकडी फळ्यांवर चौदाशेहून जास्त नावं कोरलेली आहेत: परिचारिका, दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगार, डॉक्टर. युद्धस्मारकं पुरुषांची असतात असं आपण धरूनच चालतो. ती नावं सावकाश वाचा.

खाली तळघरात जा. १९६७ मध्ये मधला मनोरा खचायला लागला म्हणून पाया उकरला, तर रोमन छावणीच्या मुख्य कचेरीच्या भिंती सापडल्या. त्यांच्यावरच मिन्स्टर उभं आहे. त्या खोदकामात निघालेला रोमन खांब आता बाहेर दक्षिण दाराजवळ उभा केलाय, आणि समोर सम्राट कॉन्स्टंटाइनचा बसलेला कांस्य पुतळा आहे. ३०६ साली त्याच्या सैन्याने त्याला सम्राट घोषित केलं ते याच गावात.

पाय दुखले असतील तर दुपारचा चहा घ्या आणि संध्याकाळच्या गायनप्रार्थनेला, इव्हनसाँगला, परत या. तिला तिकीट नाही, धर्म विचारत नाहीत. आदल्या दिवशी वेळ बघा, पंधरा-वीस मिनिटं आधी जा. गायकांच्या जवळच्या लाकडी आसनांवर बसवतात. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं, एवढंच.

जेवणखाण

शाकाहारी असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्सच्या दुकानांत बटाट्याचे चिप्सदेखील बऱ्याचदा बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गुरांच्या चरबीत, तळतात. "कशात तळता?" हे विचारल्याशिवाय घेऊ नका. विचारल्याचा कुणाला राग येत नाही. यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं, अंड्याचं असतं आणि रोस्टच्या रश्शाबरोबर खातात. बिनधास्त घ्यावं असं म्हणजे भाजलेला अख्खा बटाटा बीन्स किंवा चीजसकट, भाज्यांचं सूप आणि पाव, चीज स्कोन. शॅम्बल्सच्या मागे बाजार भरतो, तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांवर शाकाहारी काहीतरी मिळतंच.

बेटीज या चहागृहाबाहेर रांग असते. सेंट हेलन्स चौकातली ही शाखा १९३० च्या दशकातली. सकाळी उघडताच जा. एकट्या माणसाला टेबल लवकर मिळतं, हा एकटं असण्याचा फायदा. चहा किटलीतून येतो, दूध वेगळं. आपल्याला हवा तसा कडक व्हायला पाच मिनिटं मुरू द्या. फॅट रास्कल नावाचा सुकामेव्याचा जाडजूड बन घ्या, घरी न्यायलाही बांधून देतात. नातवंडांना सांगायला एक गोष्ट: किटकॅट या गावात जन्मलं. राउंट्रीच्या कारखान्यात १९३५ मध्ये, आधी दुसऱ्या नावाने.

रात्री एकट्याने जेवायला अवघड वाटत असेल तर साडेसहापर्यंत उरका. इथे तेव्हा जेवणं सुरू झालेली असतात. शनिवारी रात्री मिकलगेटवर दारूचे गुत्ते आणि आरडाओरडा असतो. त्रास कुणी देत नाही, पण मुख्य उजेडाच्या रस्त्यानेच परता. नदीकाठच्या पायवाटेने अंधारात जाऊ नका, काठाला कठडा नाही. दुकानदार, बसचालक "लव्ह" म्हणून हाक मारतील. ती इथली बोलायची पद्धत आहे, दचकू नका.

रविवार

सकाळी आठच्या आधी शॅम्बल्सला पोचा. दिवसभर तिथे जादूच्या कांड्या विकणाऱ्या दुकानांपुढे रांगा असतात. सकाळी गल्ली तुमची एकटीची. वरचे मजले पुढे इतके झुकलेले की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवावेत. ही खाटकांची गल्ली होती. दुकानांच्या खिडक्यांखाली मांस मांडायच्या रुंद फळ्या आणि वर लोखंडी आकडे अजून आहेत. मांसावर ऊन येऊ नये म्हणून गल्ली अरुंद ठेवलेली. एका खाटकाची बायको मार्गारेट क्लिदरो. कॅथलिक पुजाऱ्यांना आसरा दिल्याच्या आरोपावर तिने कोर्टात "दोषी" किंवा "निर्दोष" काहीच सांगायला नकार दिला. खटला उभा राहिला असता तर तिच्या मुलांना तिच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं असतं. २५ मार्च १५८६ ला अंगावर दगड रचून तिला मारलं. गल्लीत तिचं छोटं प्रार्थनास्थळ आहे.

तिथून चालत क्लिफर्ड्स टॉवर. गवताच्या टेकाडावरचा हा दगडी मनोरा तेराव्या शतकातला. १६८४ मध्ये आत स्फोट होऊन छत उडालं (तेव्हा आपल्याकडे संभाजीमहाराज औरंगजेबाशी झुंजत होते). २०२२ मध्ये आत लाकडी गच्ची बांधली, तिच्यावरून सगळं शहर दिसतं. पण चढण्याआधी पायथ्याची पाटी वाचा. मार्च ११९० मध्ये, इथे लाकडी किल्ला होता तेव्हा, गावातल्या सुमारे दीडशे ज्यूंनी जमावाला भिऊन त्यात आसरा घेतला. जमावातल्या काहींवर त्यांचं कर्ज होतं. वेढा पडला. बऱ्याच जणांनी एकमेकांच्या हातून मरण पत्करलं, बाहेर आले त्यांना जमावाने मारलं, आणि मग त्याच लोकांनी मिन्स्टरमध्ये जाऊन कर्जाचे कागद जाळले. कोकणात बेने इस्रायलींचे, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंचे, तेलाचे घाणे शतकानुशतकं आपल्या शेजारात चाललेले आपल्याला ठाऊक आहेत, म्हणून ही पाटी वाचताना माझा पाय निघत नाही.

वेळ आणि ताकद असेल तर फिशरगेटवरून वॉमगेट बारपर्यंतचा तट घ्या. इथे पर्यटक कमी असतात. वॉमगेटसमोरची जिभी तेवढी शाबूत राहिलेली एकमेव. दरवाजासमोर दोन भिंतींचा अरुंद बोळ, वरून मारा करायला जागा, मग दरवाजा. आतल्या बाजूने मात्र दरवाजाच्या माथ्यावर खांबांवर तोललेलं लाकडी घर. दगडांवर १६४४ च्या वेढ्यातल्या गोळ्यांच्या खुणा दिसतात. पुढे लाल विटांचा रेड टॉवर. साधारण १४९० चा. दगडाऐवजी विटा वापरल्या म्हणून पाथरवट इतके चिडले की भांडणात एका वीटकाम करणाऱ्याचा जीव गेला.

दुपारी परतीच्या गाडीआधी राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. स्टेशनच्या मागेच, आणि तिकीट नाही. निळं मॅलार्ड इंजिन बघा: ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल, वाफेच्या इंजिनाचा आजही न मोडलेला विक्रम. जपानच्या बुलेट ट्रेनच्या डब्यात बसता येतं. पण मी जाते ती चीनच्या रेल्वेसाठी १९३५ मध्ये बांधलेल्या केएफ ७ इंजिनाजवळ. ते व्हल्कन फाउंड्रीचं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी ओढणारी इंजिनं याच कारखान्याने बनवली होती. त्या चाकांच्या शेजारी उभं राहिल्यावर ते चाक आपल्यापेक्षा किती उंच आहे ते कळतं.

रेल्वेची आवड नसेल तर हा वेळ नॉर्थ स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्स चर्चला द्या. १४१० च्या आसपासची एक खिडकी आहे, जगाच्या शेवटच्या पंधरा दिवसांची: समुद्र चढतो, झाडं पेटतात, माणसं भुयारांत लपतात. शेजारच्या दुसऱ्या खिडकीत एक दाढीवाला सधन गृहस्थ भुकेल्याला जेवण देतो, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, कैद्याला भेट. दोन्ही जवळून बघता येतात, दुर्बीण लागत नाही. तिथून स्टेशन चालत दहा मिनिटांच्या आत आहे. गाडीच्या वीस मिनिटं आधी निघा, फलाटाचा नंबर पाटीवर बघा आणि कोणत्या गाडीत बसलात ते मुलाला कळवा.